खरंच पडले

हॅलो?… हो ताई, मीच… दुकानातल्या टेलरमास्तरांनी सांगितलं ना? त्यांच्या पोटात काही राहत नाही… नाही गं, फार नाही. मनगट. उजवंच. प्लास्टर घातलंय, सहा आठवडे काजं-बटणं बंद…

पडले… अगं, पडले म्हणजे पडले! स्टुलावर चढले होते, बल्ब बदलायला…

काय?… नाही, तो नाही आला… कुठून येईल? घटस्फोटाला दीड वर्ष झालं, त्याला हा पत्ताही माहीत नाही… आता शपथ घेऊ का? खरंच पडले गं!

दवाखान्यातही हेच. सिस्टरनं मास्तरांना बाहेर बसवलं आणि हळूच विचारलं, घरी कोण असतं? म्हटलं, कोणी नाही. तर म्हणे, घाबरू नका, सांगा. काय सांगू? स्टुलाचं नाव?… हस ना, विनोद होता.

…नाही, लगेच नाही गेले. तासभर बसून होते फरशीवर… दुखत होतं, पण त्यासाठी नाही. बल्ब फुटला होता ना. मी आपली सॉरी, सॉरी म्हणत होते… कुणाला म्हणजे? कुणालाच. आता कोणी ओरडेल म्हणून वाट बघत बसले. कोणीच ओरडलं नाही, आणि मग रडूच आवरेना…

हो, हो… अगं ऐक ना. एक विचारू? चिडू नकोस… तो मारायचा, तेव्हा मी बाथरूममध्ये पडले म्हटलं, तू काळजी घे म्हणालीस. जिन्यात पडले म्हटलं, तू चपला बदल म्हणालीस. तेव्हा सगळं पटलं तुला. आणि आज खरोखर पडले, तर…

नाही, ‘तू सांगितलं नाहीस’ असं म्हणू नकोस. सांगत होते की! दर वेळी फोन करून सांगत होते, पडले म्हणून. एवढ्या वेळा कोण पडतं गं?

…हॅलो?… आहेस ना?… रडू नकोस. भांडत नाहीये मी… नाही, आता रागही नाही. एकटीनं किती दिवस रागवायचं?…

येतेस?… नको गं, तुझी मुलं, ऑफिस… मी करते डाव्या हातानं काहीतरी… बरं, ठेव मग…

थांब, ठेवू नकोस… ये. आजच ये, ताई… हॅलो?… ऐकलंस का? नको म्हटलं ते खोटं होतं… हॅलो?…