नीट जेवत जा, म्हणाली

—जरा हळू, ताई. म्हणजे तुम्ही हळूच बोलताय, कळतंय मला, पण आपल्या भाषेत हळू बोललं तरी शेजाऱ्यांना वाटतं भांडण चाललंय. भिंती पातळ आहेत. तर ही खोली. एक खिडकी, एक कपाट, आणि ते शिवणयंत्र—ते हलवता येणार नाही, जड आहे—आणि हलवायचंही नाही. जाहिरात लेकीने दिली, मी नाही दिली. काय लिहिलंय तिने? "खोली मोकळी आहे, भाडं नको, बदल्यात रोज तासभर मला माझ्या आईची भाषा शिकवावी." आईची! बापाची जणू वेगळीच होती. मी म्हटलं, अगं, पस्तिसाव्या वर्षी कसलं हे खूळ? या वयात माणसं पोहायला शिकतात, गाडी शिकतात. पण नाही. हौस आहे हो, दुसरं काय. तुम्ही फार मनावर घेऊ नका. तसा ओलावाही आहे खोलीत, त्या कोपऱ्यात बघा. दमा वगैरे आहे का तुम्हाला? नाही? नाही ना, बरं झालं. आपलं विचारून ठेवलं.

येऊन किती झाले, तीन आठवडे? दिसतंय ते. मघाशी दारात तुम्ही मान हलवलीत ना, तिचा अर्थ इथं कोणाला लागत नाही, हो की नाही ते. सोडा ती सवय. मला विचारा, एकतीस वर्षं झाली मला. पाणीखात्यात होतो, जमिनीखालच्या नळांचे नकाशे काढायचो. पहिल्याच दिवशी साहेब म्हणाले, तुझं नाव फार लांब आहे. पहिली दोन अक्षरं ठेवली, बाकीची कापून टाकली. मी आभार मानले. अहो, मनापासून मानले! जेवणाच्या सुट्टीत सगळे विनोद सांगायचे, मला ओ की ठो कळायचं नाही. मग युक्ती काढली—समोरच्याच्या खांद्यांकडे बघायचं, खांदे हलले की मनात दोन मोजायचे आणि हसायचं. सहा वर्षं बिनबोभाट चाललं. एकदाच घोळ झाला. एकाचे खांदे हलत होते ते त्याची आई गेली म्हणून. पण तेही निभावलं, त्यांना वाटलं, यांच्याकडे असंच करत असतील. निवृत्तीला पितळी पाटी दिली त्यांनी, खाली जिन्याशी लावलीय, बघितलीत ना? नाव भलत्याचंच पडलंय तिच्यावर. पण अक्षर काय सुरेख आहे! यालाच म्हणतात रुळणं. आपण कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते, ते कोणाला कळता कामा नये.

नाही, ही खोली पहिल्यापासून रिकामी नव्हती. सांगतो. आलो तेव्हा लेक चार वर्षांची. शाळेतल्या बाई म्हणाल्या, घरातही हिच्याशी इथलीच भाषा बोलत जा, नाहीतर मागे पडेल. बाई बिचाऱ्या सहज म्हणाल्या असतील. मी कायदाच केला. फ्रिजवर तक्ता लावला, तिघांचे तीन रकाने, आणि आपल्या भाषेतला शब्द तोंडातून निसटला की फुली. लेकीच्या पहिल्या महिन्यात चाळीस, मग बारा, मग एकही नाही. काय चुणचुणीत पोर! माझ्या सगळ्या मिळून सहा. आणि आमच्या हिच्या—हिला कागद पुरेना, खाली दुसरा चिकटवला. मग एक दिवस हिच्याही फुल्या थांबल्या. मी खूश. शाबासकी दिली. चार-पाच दिवसांनी लक्षात आलं की ही बोलतच नाहीये. कुठलीच भाषा. आता मी काही राक्षस नाही हो, ताई. मी म्हटलं, असं कर, वरच्या खोलीत बोलत जा. दार लावून. तेवढी सूट. ती हीच खोली. इथं बसून बहिणीला फोन लावायची. बहिणीने उचलला नाही तर या शिवणयंत्राशी बोलायची. मी खाली जिन्याशी उभा राहून ऐकायचो. काय ऐकायचो? सूर नुसता, शब्द पोचायचे नाहीत. बरं वाटायचं. हे मी कोणाला सांगितलं नाही. सांगणार कोणाला, आणि कुठल्या भाषेत?

गेल्या वर्षी झटका आला तिला. उजवा हात गेला आणि त्याबरोबर इथली भाषा गेली. तीस वर्षं घोटलेली, एका सकाळीत साफ. डॉक्टर म्हणाले, असं होतं, मागाहून शिकलेलं आधी जातं. राहिली ती आपली. आणि ती तर लेकीला येत नाही! मीच बंदोबस्त केलेला. मग काय, दवाखान्यात पलंगावर माय, शेजारी लेक आणि मध्ये मी, दुभाषा. अकरा दिवस. पहिले दोन दिवस चोख काम केलं. पाणी हवंय म्हणाली, पाणी हवंय सांगितलं. उशी सरकव म्हणाली, तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी लेकीचा हात धरून म्हणाली, "तुला झोपवायला गाणं म्हणायचे ना, ते न्हाणीघरात नळ सोडून म्हणायचे, यांना ऐकू जाऊ नये म्हणून." लेक विचारते, काय म्हणाली? मी म्हटलं, घरचा नळ नीट बंद केलास का, विचारतेय. लेक म्हणाली, "हो आई, केलाय बंद." आणि ही—हिला काही कळलं नसणार, पण हिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी खिडकी लावायला उठलो. खिडकी लावलेलीच होती.

—चूक? हो, चूकच म्हणा. तुम्ही तरुण आहात, पटकन म्हणता. पुढचं ऐका तरी. दहाव्या दिवशी, दुपारी, तिला एकदम तरतरी आली आणि बोलायला लागली. पंधरा मिनिटं. एका दमात. थांबली तेव्हा लेकीने विचारलं, काय म्हणाली? मी म्हटलं, नीट जेवत जा, म्हणाली. "पंधरा मिनिटं, बाबा?" मी म्हटलं, आपली भाषा जरा पाल्हाळीक आहे, बेटा. दुसऱ्या दिवशी गेली.

आणि ही आमची लेक दातांच्या दवाखान्यात कवळ्या बनवते, सगळं मापात, केसाचाही फरक चालत नाही तिला. तिने ते सगळं फोनमध्ये टिपून घेतलं होतं. मला माहीतच नाही! वर्षभर गाडीत लावतेय. अर्थ कळत नाही, पण पाठ झालंय. गेल्या रविवारी इथं भांडी घासत होती आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटत होती—हिच्याच हेलात, हिच्याच आवाजात. माझ्या हातून कप पडला. आणि मागे वळून ती मला विचारते, "बाबा, 'घाबरट' म्हणजे काय?" मी म्हटलं, म्हणजे—वक्तशीर. हसू नका. सुचलं ते बोललो. ती एवढंच म्हणाली, "अच्छा." आणि दुसऱ्या दिवशी जाहिरात!

काय म्हणाली होती ही? तुम्हाला कळेलच म्हणा, पहिल्याच तासाला फोन पुढे करेल ती. शिव्या दिल्या असत्या ना मला, तर सांगितलं असतं मी, शपथ. बायकोच्या शिव्या माणूस सांगू शकतो. पण तसलं काही नाही. पोर जन्मली त्या दिवसाचं बोलली, आमच्या जुन्या घराचं बोलली, आणि मग म्हणाली, "बापावर रागावू नकोस गं. वाईट नाही तो, घाबरट आहे. इथं आल्यापासून एक दिवस त्याची भीती गेली नाही. हसतो तेसुद्धा भीतीने हसतो. मला सगळं कळायचं. मी गेल्यावर त्याच्याशी बोलायला कोणी उरणार नाही. तू बोल." हे—हे मी कसं सांगायचं, ताई? माझ्याच तोंडाने? भर दवाखान्यात? म्हणून म्हणतो, तुम्ही सावकाश शिकवा. आधी अंक. मग फळं, भाज्या, रंग. रंगांनाच सहा महिने लावा. त्या वाक्यापर्यंत यायला दोन-तीन वर्षं सहज—

खालचं दार वाजलं. आलीच ती. ऐका, तेवढं एक वाक्य तुम्ही गाळाल ना? बाकीचं सगळं सांगा, नळाचंही सांगा. नाही? नाही गाळणार. का पण? तुमचं काय जातं? —हं. —काय? मी? मी शिकवू? अहो, माझ्याशी ती सरळ "जेवलात का" यापलीकडे— हो, भाषा येते मला. येते हो, न येऊन काय होतंय, आत्ता इतका वेळ काय करतोय मग! एकतीस वर्षांत इतकं बोललो नव्हतो.

हाक मारतेय. हो, आलो! —तुम्ही थांबा जरा. नाही, या. नाही, नका येऊ. असं करा, तुम्ही निघाच. राग मानू नका. खोली तुमची, उद्या सकाळी सामान घेऊन या, ओलावा काही विशेष नाही, ते मी उगाच म्हटलं. पण आज नको. आज आमचं घरचं बोलणं आहे. —कुठल्या भाषेत म्हणजे? ते बघतो मी. जा तुम्ही.