चाखणेसाहेबांचा शनिवार

बाबा : सहा माणसं, दोन टेबलं जोडलेली, नऊ बशा, त्यातल्या दोन मी एकट्याने साफ केल्या. पाण्याचे जग तीन. आणि खिडकीतून समोर तळं. असं जेवण नुसतं हॉटेलात जाऊन मिळत नाही, त्याला नशीब लागतं.

आई : चपला बाहेरच काढा. चिखल आहे त्यांना.

बाबा : जेवून तळ्याला फेरी मारली ना! पोस्टमास्तर दर दहा पावलांवर थांबून ढेकर देत होते. शेवटी आमचा इंजिन ड्रायव्हर म्हणाला, "मास्तर, प्रत्येक स्टेशनात शिट्टी वाजवलीच पाहिजे का?" हसून हसून दंतवैद्याची कवळी निसटायची वेळ आली. दुसऱ्यांचे दात बसवण्यात जन्म गेला आणि स्वतःचे असे.

मुलगी : जेवायला काय काय होतं, बाबा?

बाबा : अगं चिमे, तू कधी आलीस?

मुलगी : तासभर झाला. आईने बोलावलं.

बाबा : बरं केलंस. ऐक. आधी सूप. मग लोणी लावून भाजलेला मासा. आणि पाव. भट्टीतून नुकता काढलेला, त्याचा तो खरपूस वास...

आई : हे कोण म्हणालं?

बाबा : काय कोण म्हणालं?

आई : खरपूस. आधी कोण म्हणालं? दंतवैद्य की लायब्ररीवाल्या बाई?

बाबा : मी म्हणतोय की! तीस वर्षं चहा चाखलाय मी. खरपूस कशाला म्हणतात ते मला दंतवैद्याने शिकवायचं?

आई : आणि शेवटी काय होतं?

बाबा : दुधाचं पुडिंग. अहाहा! जिभेवर ठेवलं की विरघळलं. दोन वाट्या खाल्ल्या मी.

आई : बाकीच्यांनी?

बाबा : त्यांची पोटं भरली होती. म्हाताऱ्या माणसांना कुठे झेपतं एवढं?

आई : पोस्टमास्तरीणबाईंचा फोन आला होता.

बाबा : एवढ्यात? आता तर सोडलं त्यांना कोपऱ्यावर.

आई : तुम्ही तळ्याला फेरी मारत होतात तेव्हा त्या बाकावर बसल्या होत्या. गुडघे दुखतात त्यांचे. तिथून केला. म्हणाल्या, "आज तुमच्या साहेबांनी कमालच केली." दूध करपलेलं होतं. खाली लागलेलं, जळकट. तोंडात धरवत नव्हतं. पाचही जणांनी वाट्या सरकवल्या. वाढपी माफी मागत उचलायला आला, तर तुम्ही शेजारची वाटी ओढून घेतलीत आणि म्हणालात, "उत्तम जमलंय, आचाऱ्याला सांगा."

बाबा : गंमत केली गं.

आई : मालक आतून धावत आला. त्याला वाटलं, टोमणा मारताय. हात जोडून उभा राहिला म्हणे.

बाबा : तेच तर! त्यातच गंमत होती.

आई : मास्तरीणबाईंनाही तसंच वाटलं. हसता हसता बोलता येत नव्हतं त्यांना. मी नाही हसले.

बाबा : तू हल्ली कशालाच हसत नाहीस.

मुलगी : बाबा, दुसरी वाटीही पूर्ण खाल्लीत?

बाबा : तू आता उलटतपासणी घेणार का? पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली, तर आता बापालाही नळीत घालून हलवणार?

मुलगी : विचारतेय फक्त. गंमत पहिल्या घासाला होते. दोन वाट्या कोणी गंमत म्हणून खात नाही.

बाबा : सर्दी झालीय थोडी. तळ्यावर वारा होता.

आई : वारा जेवणानंतर लागला. पुडिंग आधी होतं.

बाबा : चहा टाकतेस का जरा?

आई : टाकते. कसा हवा? कच्चा, पाणचट, की कालच्यासारखा "तुझ्या हातात आता राम राहिला नाही" असा?

बाबा : अगं, ते आपलं बोलण्याच्या ओघात...

आई : दोन वर्षं ओघ थांबला नाही तुमचा. मसाला कच्चा राहिलाय. आणखी भाज. कांदा नीट परतला नाहीस. भाताला वास नाही. मी आणखी भाजायची, आणखी परतायची. मला तर सगळं ठीक लागायचं. म्हटलं, तीस वर्षं ज्या माणसाला कंपनीने नुसतं चव घेण्याचा पगार दिला, तो खोटं कशाला सांगेल? बिघडलं असेल तर माझंच बिघडलं असेल. नाक माझं गेलं असेल. वय झालं.

मुलगी : आई, मला का नाही बोललीस?

आई : काय बोलायचं? तुझ्या पोरीने उन्हाळ्यात माझं ताट सरकवलं. म्हणाली, "आजी, जळलंय." मी ते तोंडात घातलं आणि मलाही जळकंच लागलं. पण तुझे बाबा समोर बसून म्हणत होते, "आज कुठे जमलं." मग मी कुणाचं खरं मानू? पाच वर्षांच्या पोरीचं की चाखणेसाहेबांचं?

बाबा : ते नाव मी नाही ठेवलं स्वतःला. इंजिन ड्रायव्हरने ठेवलं.

आई : मिरवलंत तुम्ही. त्या दिवसापासून मी कुणाला जेवायला बोलावलं नाही. माझी बहीण आली तर तिला बिस्किटं दिली. बिस्किटं! माझ्या हातचं खाऊन वाढलेली धाकटी बहीण ती. बाहेर जाऊन काय म्हणाली असेल?

मुलगी : बाबा, पुढच्या रविवारी तुमची मंडळी इथे येणार आहेत ना?

बाबा : येणार आहेत. सगळी सोय झालीय. बाहेरून मागवलंय.

आई : का मागवलंय, तेही सांगा तिला.

बाबा : तुला त्रास नको म्हणून.

आई : पोस्टमास्तरीणबाईंनी वेगळंच सांगितलं. अगदी मायेने हो. "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, साहेब म्हणाले तुमचा हात आता राहिला नाही, वयानुसार होतंच." सहा माणसांत तुम्ही माझा हात मोडून आलात, आणि ती बाई मला फुंकर घालत होती.

बाबा : काहीतरी कारण द्यावंच लागतं ना. आणि तुझं नाक गेलंय हे खोटं आहे का? तूच म्हणतेस, तुला कळेनासं झालंय!

मुलगी : थांबा दोघंही. हे भांडून ठरणार नाही, मोजून ठरेल. आई, तुझी शिवणाची टेप दे. माझ्या पर्समध्ये स्पिरिटचे बोळे आहेत.

बाबा : हा काय पोरखेळ?

मुलगी : डॉक्टरही करतात असं. डोळे मिटायचे, तोंड मिटायचं, नेहमीसारखा श्वास घ्यायचा. बोळा मी छातीपासून हळूहळू नाकाकडे आणणार. वास आला की हात वर करायचा. तिथून नाकापर्यंतचं अंतर मोजायचं. आधी माझं घेऊ, म्हणजे टेप आणि बोळा दोन्ही नीट आहेत ते कळेल. आई, तू धर.

आई : असा? बरं... आला हात वर. चोवीस.

मुलगी : चोवीस सेंटिमीटर. आता बाबा.

बाबा : आधी तिचं घे.

मुलगी : तुम्ही तर जाणकार. जाणकाराला कसली भीती?

बाबा : भीती नाही गं. सर्दी आहे म्हटलं ना.

आई : नाक साफ आहे तुमचं. आल्यापासून एकदाही रुमाल काढला नाहीत.

(तो खुर्चीत बसतो आणि डोळे मिटतो. बायको टेपचं टोक त्याच्या नाकाखाली धरते.)

मुलगी : वीस. बाबा, श्वास घ्या, धरून ठेवू नका. पंधरा. दहा. आई, टेप सरळ धर. पाच... दोन...

आई : हात वर केला!

मुलगी : वास आला, बाबा?

बाबा : ओठाला गार लागलं.

मुलगी : म्हणजे बोळा टेकला. वास?

बाबा : गार लागलं, म्हटलं ना.

मुलगी : शून्य.

आई : शून्य म्हणजे?

मुलगी : म्हणजे काहीच नाही, आई. तिखट-मीठ, गोड-आंबट जिभेला कळत असेल. पण करपलेलं, खरपूस, कच्चं, ताजं हे सगळं नाकाचं काम असतं. ते बंद आहे. बाबा, कधीपासून?

बाबा : तो ताप आला होता ना. दहा दिवस पडून होतो. उठल्यावर पहिला चहा घेतला तर नुसतं गरम, तुरट पाणी. मला वाटलं, हिने पत्तीच घातली नाही.

आई : तेव्हा नोकरी सुटायची होती तुमची!

बाबा : चार महिने होते. ते चहाचा रंग बघून काढले, आणि हाताखालच्या पोराचं तोंड बघून. तो खूश दिसला की मीही मान हलवायची. निरोपाला मोठे साहेब म्हणाले, "आज कंपनीची जीभ निवृत्त होतेय." केवढ्या टाळ्या! मी खाली मान घालून उभा. सगळ्यांना वाटलं, म्हातारा गहिवरला.

मुलगी : डॉक्टरांकडे का नाही गेलात? निदान आईला तरी...

बाबा : सांगून काय होणार होतं? शनिवारची मंडळी मला कशासाठी बोलावतात? ड्रायव्हर गोष्टी सांगतो, मास्तर गातात. मी काय करतो? मी सांगतो, सूप चांगलं की वाईट. तेवढंच आहे माझ्याकडे. हॉटेलवाले आधी माझ्यापुढे आणून ठेवतात.

आई : आणि तिथे कसं जमवता?

बाबा : तिथे सोपं असतं. पहिला घास मी सावकाश चावतो. तोवर कोणीतरी बोलतंच. लायब्ररीवाल्या बाईंना दम निघत नाही. त्या म्हणाल्या लोणी, की मी म्हणायचं, "लोणी, आणि तेही ताजं." आज सगळे एकदम गप्प झाले. मला वाटलं, फारच आवडलंय.

आई : आणि घरी?

बाबा : घरी आपण दोघंच. कोणीच काही बोलायचं नाही. तू ताट वाढून समोर बसायचीस, माझ्या तोंडाकडे बघत. काहीतरी म्हणावं लागायचं.

आई : "छान झालंय" म्हणायचं होतं.

बाबा : म्हणालो असतो. पण तू इतक्या आशेने बघायचीस, आणि माझ्या तोंडात लगदा. राग यायचा. तुला तरी सगळं लागतंय, म्हणून राग यायचा.

आई : म्हणून मलाही लागू दिलं नाहीत.

बाबा : असं नाही गं...

आई : मला कधी नेलं नाहीत शनिवारी. मास्तरीणबाई दुखरे गुडघे घेऊन जातात, आणि मला म्हणे पायऱ्या झेपणार नाहीत. मी ओळखलं असतं, म्हणून. पहिल्याच घासाला ओळखलं असतं.

बाबा : हो.

मुलगी : बाबा, आत्ता फोन लावा मास्तरांना. बाकी काही नको, एवढंच सांगा की आईचा हात जागेवर आहे, नाक तुमचं गेलंय.

बाबा : सांगीन. एवढा रविवार जाऊ दे.

मुलगी : आत्ता.

बाबा : चिमे, हात जोडतो. मग मला कोण बोलावेल? पोटभर खाऊन गप्प बसणारा एक म्हातारा, एवढाच उरेन मी.

आई : राहू दे गं, त्यांना फोन करता येणार नाही. रविवारी मी रांधीन. बाहेरचं जेवण रद्द करा. आणि तुम्ही सगळ्यांबरोबर बसून जेवायचं, पण एक शब्द बोलायचा नाही. चांगलं नाही, वाईट नाही, खरपूस नाही.

बाबा : मंडळी विचारतील ना, चाखणेसाहेब आज गप्प का?

आई : विचारू दे. उत्तर काय द्यायचं ते तुमचं तुम्ही बघा. चिमे, माझं राहिलं.

बाबा : तुझं कशाला आता? कळलंच ना सगळं.

आई : तुमचं कळलं. माझं अजून कोणी मोजलेलं नाही. नवा बोळा काढ. डोळे मिटले मी.

मुलगी : तोंड मिट. श्वास घे... आई, हात इतक्यात वर करायचा नाही, बोळा अजून खूप खाली आहे.

आई : आला ना वास. टेप लाव.

मुलगी : एकतीस सेंटिमीटर.