गालिच्यावरचे बूट

सोमवार. ढगाळ हवा, पण उकाडा असह्य.

आता तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं? काल, रविवारी, माळरानावरची माझी पहिली लांब पल्ल्याची शर्यत होती, म्हणून दोन दिवस आधी नवी पेठेतल्या एका दुकानात जाड, मऊ तळव्यांचे बूट बघायला गेलो. मालकानं बूट पायात चढवले आणि गालिच्याकडे बोट दाखवलं.

"हितंच चालून बघा, काका."

मालक माझ्याच वयाचा, आणि मी काका!

"अहो, गालिच्यावर अनवाणी चाललं तरी मऊच लागतं. मला खडीवर चालून बघायचंय."

"बाहेर न्हाय जमणार. तळवा मळला की दुसरं गिऱ्हाईक हात लावत न्हाय."

"आणि माळावर माझे पाय सोलले तर?"

"लई चिडताय की! थांबा, पिशव्या बांदतो."

त्यानं खरंच दोन्ही बुटांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या आणि मोठ्या मनानं मला बाहेर सोडलं. दुकानासमोर रस्त्याच्या कामाची खडी पडली होती. मी तिच्यावर पाय ठेवला आणि घसरून सरळ खाली बसलो. मालक धावत आला. त्यानं आधी पिशव्या सोडून तळवे बघितले.

"काळजी न्हाय, काका. बूट कोरे हायत!"

बूट खोक्यात परत गेले. माझा उजवा घोटा सुजला. रविवारी मी पळालो नाही.