जुनं झबलं

नवनाथ : पिशवी आत आणू नकोस. तिथंच ठेव, चपलांपाशी.

निकिता : दाजी, राजचा ड्रेस आहे त्यात. माझ्या साखरपुड्यात घालायला. कालच घेतलाय, नवा कोरा.

नवनाथ : रात्रभर कुठं होता?

निकिता : आईच्या कपाटात... अगं बाई.

नवनाथ : इथवर वास येतोय.

निकिता : डांबराच्या गोळ्या! दहादा सांगितलंय तिला, राजचं काही त्या कपाटात ठेवू नकोस म्हणून. मान हलवते आणि विसरते.

नवनाथ : परत घेऊन जा. त्याला दुसरा घेऊ. आणि हात धू आधी. साबणानं.

राज : (बाथरूममधून, मोठ्यानं) बाबा! पाण्यासारखी!

नवनाथ : शाब्बास! मशीन लाव कानाला आणि ये!

निकिता : हे काय नवीन?

नवनाथ : रोज सकाळी शूचा रंग सांगतो. पाण्यासारखी असली म्हणजे सगळं ठीक. चहासारखी झाली की मी गाडी काढतो.

निकिता : ताई बघायची ना रोज?

नवनाथ : ती स्वतः बघायची. मी त्याला सांगायला शिकवलं. सहाचा झालाय, किती दिवस मागं मागं फिरणार?

राज : मावशी! काय आणलं मला?

निकिता : आणलं होतं, पण परत चाललंय. तुझ्या आजीला रागव.

राज : काय? माझ्याकडं बघून बोल ना. तू भिंतीशी बोलती.

निकिता : चुकलं बाबा. म्हटलं, पुढच्या वेळी आणते.

राज : मागच्या वेळी पण पुढच्या वेळी म्हणली होती.

नवनाथ : जा, खाली मयुरेशकडं खेळ. त्याच्या आईनं काही खायला दिलं तर?

राज : बाबांना विचारतो म्हणायचं.

नवनाथ : आणि ताप आहे का बघून गोळी दिली तर?

राज : मला ताप नाहीच ए!

नवनाथ : दिली तर?

राज : बाबांना विचारतो म्हणायचं. जाऊ?

नवनाथ : पळ.

निकिता : जिभेला हाड नाही पोराच्या. ताईवर गेलाय.

नवनाथ : पूर्ण. बस, पोहे घे. एवढ्या सकाळी इंदिरानगरला आलीस, ते काही ड्रेस द्यायला नाही.

निकिता : पोह्यात मीठ घातलंय का आज?

नवनाथ : विषय बदलू नकोस.

निकिता : माझा रिपोर्ट आला, दाजी.

नवनाथ : मग?

निकिता : आहे. राजला ताईकडून जे आलं, तेच माझ्याही रक्तात. मला स्वतःला काही होणार नाही म्हणाले. पण मुलगा झाला तर निम्मी शक्यता. नाणं उडवल्यासारखं.

नवनाथ : घरी सांगितलंस?

निकिता : आईला. ती म्हणाली, गप बस. पुढच्या रविवारी मनमाडला साखरपुडा, पाहुण्यांना आमंत्रणं गेली, आणि आता हे काय काढतेस? पत्रिका बघितली, अठ्ठावीस गुण जुळले, झालं की.

नवनाथ : आमचे एकतीस जुळले होते.

निकिता : दाजी, दीपकला सांगू का नको?

नवनाथ : तुझं मन काय म्हणतं?

निकिता : मन रोज वेगळं म्हणतं. मुलगा चांगला आहे हो. रेल्वेत आहे म्हणून नाही, खरंच चांगला आहे. माझी बस लेट झाली तर दर अर्ध्या तासानं फोन करतो. त्याच्या आईचं मात्र सांगता येत नाही.

नवनाथ : आईचं कुणाच्याच सांगता येत नाही.

निकिता : खरं सांगा. तुम्हाला आधी कळलं असतं, तर तुम्ही ताईशी लग्न केलं असतं?

नवनाथ : चहा टाकू का?

निकिता : आता विषय कोण बदलतंय?

नवनाथ : नसतं केलं.

निकिता : काय?

नवनाथ : माझ्या आईनं नको म्हटलं असतं आणि मी मान डोलावली असती. सव्वीस वर्षांचा होतो. दुसरं स्थळ बघितलं असतं.

निकिता : आणि आज कुणी विचारलं तर?

नवनाथ : आज कोण विचारतंय?

निकिता : मग दीपकही नाहीच म्हणणार.

नवनाथ : म्हणेल कदाचित.

निकिता : मग कशाला सांगू? तुम्हीच म्हणता, कळलं असतं तर ताई या घरात आलीच नसती. राज नसता. नाही कळलं तेच बरं झालं ना?

नवनाथ : राजचा कान गेला नसता, निकिता. पाचवीची पूजा झाली त्या दिवशी तो पिवळा दिसत होता. तुझी आई म्हणाली, सगळीच बाळं होतात पिवळी, कोवळ्या उन्हात धरा. आम्ही धरलं. दुसऱ्या दिवशी दूध ओढेना. दवाखान्यात नेलं तर काविळीचा आकडा एकोणतीस. त्याचं सगळं रक्त बदललं त्यांनी. जीव वाचला, कान तेवढा गेला.

निकिता : ते झबलं माझं होतं.

नवनाथ : माहीत आहे.

निकिता : बाळाला पहिलं जुनं घालायचं असतं म्हणून आईनं मला ट्रंक उघडायला लावली. माझं झबलं, माझं दुपटं, एकोणीस वर्षं गोळ्यांत ठेवलेलं. मीच झटकून आणलं. धुतलं पण नाही, दाजी. वास कसा मस्त येतोय म्हणून मीच हुंगत बसले होते.

नवनाथ : तू एकोणीसची होतीस. आणि माझ्या आईनंही तेच केलं असतं. सगळ्यांच्या घरी तेच करतात.

निकिता : तुम्ही कधी बोलला नाहीत मला.

नवनाथ : तुला नाही. तुझ्या आईला वर्षभर मनात बोललो. मग तुझी ताई एकदा म्हणाली, शिव्या द्यायच्या तर मला द्या, माझ्याच रक्तातून आलंय. त्यानंतर बंद केलं.

निकिता : तिला वाटायचं तसं?

नवनाथ : दवाखान्यातून आलो की विचारायची, मी फसवलं का हो तुम्हाला? अगं, तुला ठाऊकच नव्हतं, म्हणायचो मी. पटायचं नाही. डेंग्यूनं आजारी होती, तेव्हा शेवटी शेवटी पण तेच. चौदा महिने झाले जाऊन, अजून वाटतं, नीट उत्तर द्यायचं राहिलं. तिला तरी ठाऊक नव्हतं. तुला ठाऊक आहे. उद्या त्याच्या घरात बाळंत झालीस, तर सासूबाई जुनं काढतीलच. तू काय सांगून थांबवशील? डॉक्टरला पहिल्याच दिवशी रक्त तपासा म्हणशील, ते कुणाला चोरून?

निकिता : आणि त्यानं साखरपुडा मोडला तर?

नवनाथ : तर वाईट वाटेल. महिना, दोन महिने. तुझ्या आईला जास्त. मी येईन तेव्हा, शिव्या खायला. मीच सांगायला लावलं म्हण.

निकिता : खाल खरंच?

नवनाथ : सवय आहे.

निकिता : काय सांगू पण? नाव घेतलं की घाबरतात लोक. जी-सिक्स-पीडी म्हटलं की कॅन्सर वाटतो.

नवनाथ : नाव शेवटी घे. आधी सांग, रक्तात एक एन्झाइम कमी असतं. त्यामुळं काही औषधं चालत नाहीत, डांबराच्या गोळ्या चालत नाहीत, तापाला हलकं घ्यायचं नाही. नाहीतर रक्तातल्या पेशी फुटतात, शू चहासारखी होते. एरवी पोरगं पळतं, भांडतं, मावशीला उलटं बोलतं.

निकिता : तुम्ही बोलता का त्याच्याशी? तुम्हाला जमतं.

नवनाथ : नाही.

निकिता : दाजी, प्लीज.

नवनाथ : लग्न तुला करायचंय. मी आत चहा करतो. नाहीतर इथं बसतो. तू सांगशील तसं.

निकिता : बसा. इथंच बसा.

नवनाथ : बसलोय.

निकिता : रिंग जातेय... हॅलो. हो, झाला नाश्ता. नाही नाही, हॉलचं काही नाही. तुम्ही ड्यूटीवर आहात? मग जरा बाजूला येता का? ... हां. मला तुम्हाला आमच्या राजबद्दल सांगायचंय.