डेपोच्या गेटपाशी बंद पडलेली बस

त्या गेमच्या सेलचं माझ्यासमोर नावसुद्धा काढू नका रे, अजून डोकं फिरतं. बाबा बसचे ड्रायव्हर म्हणून रिटायर झाले, तेव्हापासून घाटकोपरच्या घरात नुसते येरझाऱ्या घालायचे. म्हणून बस चालवायचा एक गेम मी ऑनलाइन स्टोअरच्या विशलिस्टमध्ये टाकून ठेवला आणि सेलमध्ये ऐंशी टक्के सूट दिसल्यावर लगेच घेतला. बाबा चक्क इस्त्रीचा शर्ट घालून कॉम्प्युटरसमोर बसले. पण बस डेपोच्या गेटपाशी आली की गेम बंद! पुन्हा सुरू करा, पुन्हा गेटपाशी बंद. तीन दिवस आम्ही हेच करत होतो.

शेवटी मी स्टोअरच्या चॅटवर पैसे परत मागितले. तिथली बाई म्हणते, "सॉरी मॅडम, तुम्ही दोन तासांपेक्षा जास्त खेळलात. रिफंड मिळणार नाही."

"अहो, खेळलो कुठे? बस गेटबाहेर गेलीच नाही!"

"सिस्टममध्ये दोन तास चाळीस मिनिटं दिसतायत. आणि सेलमध्ये तुम्हाला स्वस्तच पडलाय ना?"

स्वस्त पडलाय म्हणे! माझं टाळकंच सटकलं.

पैसे काही मिळाले नाहीत. पण मी चॅट बंद करणार, तेवढ्यात बाबांनी कीबोर्ड ओढून घेतला आणि एका बोटाने टाईप केलं, "बाई, आमची गाडी बंद पडली की पॅसेंजरला त्याच तिकिटावर मागच्या गाडीत बसवायचो. बंद गाडीत किती वेळ बसला होतास, असं कुणाला विचारलं नाही."