शेवटची चार पानं

अभिजात साहित्य माणसाला आयुष्यभर साथ देतं, असं म्हणतात. डोळ्यांच्या दवाखान्यात ते माझ्या शेजारीच बसलं होतं. सहाशे पानांच्या सागरी कादंबरीची बत्तीस पानी चित्रकथा, ती मांडीवर घेतलेली साठीची बाई आणि डोळ्यांत थेंब घालून बसलेला तिचा थोरला भाऊ.

“दादा, अख्खी प्रत मिळाली. आपल्या लहानपणच्या प्रतीत नसलेली शेवटची चार पानं आहेत यात.”

“असतील.”

“यात जहाज परत वळतच नाही. कप्तानाचा कुत्रा बेटावरच राहतो.”

“मूळ कादंबरीतही तसंच आहे.”

“तू तर सांगायचास, कप्तान त्याला न्यायला परत येतो म्हणून!”

“सहा वर्षांची होतीस. रडून घर डोक्यावर घेतलं असतंस.”

“म्हणजे ती पानं उंदरांनी नव्हती खाल्ली?”

“उंदीर मोजून शेवटची चारच पानं खातील होय गं, वेडाबाई?”

“जन्मभर शिव्या घातल्या मी त्यांना.”

“असू दे. माझा स्वेटर त्यांनीच खाल्ला होता.”

“बरं, आता सांग. तू सांगायचास तसंच.”

“इथे?”

“हळू सांग. कप्तान म्हणतो, सुकाणू फिरवा...”

“कप्तान म्हणतो, सुकाणू फिरवा. मग जहाज वळतं. मग... मग काय गं?”

“मला काय विचारतोस?”

“आठवत नाही, बाई. तूच सांग.”

“मला कुठलं ठाऊक? जहाज वळलं की मला झोप लागायची.”

आतून नर्स आली. तिने दादाच्या डोळ्यांत आणखी दोन थेंब टाकले आणि अर्धा तास डोळे मिटून बसायला सांगितलं. जहाज नुकतंच वळलं होतं.