दारातली गाडी

बोईसर स्टेशनबाहेर पाम गावाच्या शेअर रिक्षासाठी रांग होती. माझ्यापुढे पिशव्या घेऊन एक नवरा-बायको.

"घरची मोटरसायकल असताना मी इथं पीठ घेऊन उभी का, तेवढं सांगा."

"अगं, हप्ता गेल्यावर पेट्रोलला उरतंय काय?"

"मग घेतली कशाला?"

"रिक्षाचं भाडं वाचवायला."

"आणि सकाळपासून दारात दिसत नाही ती?"

"शेजारच्या भाग्येशला दिलीय. पडून राहिली की बॅटरी उतरते. पेट्रोल तोच टाकतो."

"म्हणजे हप्ता तुम्ही भरायचा, भाजीत तेल मी कमी घालायचं, अन् फिरायचं त्यानं?"

"हळू बोल."

"अहो, ती बघा! आपलीच ना? बायकोलाही मागं बसवलंय."

"हो, तोच."

"मग हात कसला करताय त्याला?"

"थांबला तर पिशव्या तरी नेईल."